मामांच्या पेढीवर लिनक्स

घरच्या लॅपटॉपवर मी आर्च लिनक्स वापरतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी, फुकट मिळणारी संगणक प्रणाली; तिचे प्रकार अनेक, त्यातलाच एक आर्च. त्याला अपडेट येतच राहतात आणि एखाद्या रविवारी त्यातलं एखादं वायफाय घेऊन जातं. मग चहा, आर्चची विकी आणि काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं, असा दिवस झकास जातो. बायकोला वाटतं, लॅपटॉप बिघडलाय. बिघडावा म्हणूनच आर्च बसवलंय, हे तिला कोण सांगणार?

भानगड झाली ती हा नाद रावेरच्या मामांना कळल्यावर. मामांची केळीची पेढी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि अकरा त्यांच्या जुन्या डबड्यावर बसेना. "तुझं ते फुकटचं टाकून दे," मामांचा हुकूम सुटला.

पण कोणतं? आर्चचं नावही मी काढलं नाही. संध्याकाळी दिल्लीची गाडी भरून उभी, हमाल पैशांसाठी खोळंबलेले आणि मी वायफाय शोधतोय! तेव्हा मामा जे बोलतील ते छापण्याजोगं नसणार.

मग फेडोरा सुचवलं, लिनक्सचाच दुसरा प्रकार. त्याची एक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळतात (दुरुस्त्या पाठवत राहतात), म्हणजे केळीच्या एका बागेइतकं आयुष्य.

"मग बाग उपटली की हेबी उपटायचं?"

मग मी मोठ्या तोऱ्यात सेंटओएस या सर्व्हरवरच्या लिनक्सची हकीकत सांगितली. आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सांभाळू म्हणाले होते. २०२० च्या डिसेंबरात जाहीर केलं की २०२१ अखेर बंद. जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी बोंब ठोकली. रॉकी आणि अल्मा हे त्याच्या जागी आलेले नवे अवतार त्यातूनच जन्मले.

"पैसे दिले होते का कोणी?"

"नाही, फुकट होतं."

"मग बोंबलता कशाले?"

याला उत्तर नव्हतं. मी घाईघाईने रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवर गेलो: वर्षाची वर्गणी भरायची, एक आवृत्ती दहा वर्षं सांभाळतात. मामा म्हणाले, महाग दिसतं, पुढे बोल.

शेवटी डेबियनवर आलो. १९९३ पासून चालू आहे, स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, एकेक आवृत्ती पाच वर्षं निभते. सॉफ्टवेअर जुनं, पण पारखलेलं. इतकं कंटाळवाणं की मी घरी ठेवणार नाही, म्हणजे पेढीला अगदी योग्य! तेवढ्यात मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, टॅली चालेल ना त्याच्यावर?" टॅली विंडोजची. तेव्हा हिशेबासाठी एक नवं विंडोज मशीन घ्यायचं, आणि डेबियन पट्ट्या छापायच्या डबड्यावर, असा तह झाला.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता एक सांग. सीझनमध्ये, रात्री गाडी उभी असताना हे बंद पडलं, तर कोण येईल?"

"मी आहे ना, मामा."

मामांनी मुनीमजींकडे पाहिलं, मुनीमजींनी छताकडे.

"ते वर्गणीवालं म्हणत होता ना, त्याचा भाव काय पडतो म्हणे?"