क्रायमियात क्वार्टरमास्टरांनी माल गिळला?

क्रायमियाच्या युद्धावरचा (रशियाविरुद्ध ब्रिटन आणि त्याच्या मित्रदेशांच्या लढाईवरचा) एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: 'प्रिन्स' जहाज बुडालं, उरलासुरला माल पलटणींच्या क्वार्टरमास्टरांनी गिळला आणि म्हणून १८५४-५५च्या हिवाळ्यात ब्रिटिश जवान उपाशी, गारठून मेले.

आधी चोरीचं बघू. पलटणीच्या क्वार्टरमास्टरच्या हातात कोठारच नव्हतं. तो बहुधा शिपाईगिरीतून वर चढलेला माणूस. छावणी आखणं, तंबू-कपडे वाटणं, शिधा उचलून आणणं हे त्याचं काम. धान्य आणि दाणावैरण कमिसारियटकडे, म्हणजे सैन्याच्या रसद खात्याकडे, आणि ते खातं डिसेंबर १८५४पर्यंत लंडनच्या ट्रेझरीच्या (सरकारी अर्थखात्याच्या), म्हणजे बिगरलष्करी बाबूंच्या ताब्यात! मागणी क्वार्टरमास्टरने करायची, द्यायचं की नाही ते दुसऱ्याने ठरवायचं. हिरवे, न भाजलेले कॉफीचे दाणे आले, तेही वरूनच. सरपणाची मारामार असताना जवानांनी ते भाजायचे कशावर?

'प्रिन्स' १४ नोव्हेंबरच्या वादळात बुडालं, हे खरं. गरम कपड्यांचा मोठा साठा त्याच्यासोबत गेला. पण सगळंच काही समुद्रात गेलं नव्हतं. बंदरावरच्या कोठारात ओव्हरकोट पडून होते, कारण नियमाप्रमाणे शिपायाला तीन वर्षांतून एकच कोट! स्कर्व्हीवर (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने हिरड्या सुजवणाऱ्या रोगावर) उतारा म्हणून लिंबाचा रस डिसेंबरात बालाक्लावाला, म्हणजे ब्रिटिशांच्या त्याच बंदरावर, उतरला. वाटप सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला. तोवर जवानांच्या हिरड्या सुजत होत्या. याला चोरी म्हणत नाहीत.

खरी अडचण बंदर ते छावणी या सहा-सात मैलांची. रस्त्याचा चिखल झालेला. वादळात गवताच्या गंज्याही गेल्या, जनावरं उपासाने मरू लागली आणि गाडी ओढायला कोणी उरलं नाही. शेवटी घोडदळाचे घोडे शिधा वाहायला जुंपले. फेब्रुवारीत रेल्वे टाकायला घेतली, तेव्हा कुठे वाट मोकळी होऊ लागली.

आता हा आरोप आला कुठून? माझा अंदाज असा, की पदाच्या नावाचा घोळ झाला असावा. चौकशी आयोगाने ठपका ठेवला होता तो सैन्याचे क्वार्टरमास्टर-जनरल एअरी यांच्यावर. पलटणीच्या क्वार्टरमास्टरशी त्याचा संबंध नाही. आणि १८५६मध्ये चेल्सीला बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या चौकशी मंडळाने एअरींनाही मोकळं सोडलं. मागितलेलं गवत वेळेवर न पाठवल्याचा दोष ट्रेझरीच्या माथी गेला.