उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री? निदान सोलापूरकरांनी तरी हे फॉरवर्ड करू नये

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मुख्यमंत्रिपद रिकामं झालं की घटनेनुसार उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री होतो, जसा राष्ट्रपतींच्या जागी उपराष्ट्रपती. आमदार नसलेल्या माणसाला त्या खुर्चीवर बसवताच येत नाही.’

घटनेनुसार? राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हे पदच नाही. कलम 164 सांगतं ते एवढंच: मुख्यमंत्र्यांना राज्यपाल नेमतील, बाकी मंत्र्यांना मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. महाराष्ट्राला पहिले उपमुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे, मिळाले 1978 साली. तोवर काय राज्य अडलं होतं? फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलं, की उपमुख्यमंत्री हा मुळात मंत्रीच.

उपराष्ट्रपतींचा दाखला इथे लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी कलम 65 स्वतंत्र लिहिलंय. 1969 मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले तेव्हा उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी त्याच आधारे कारभार पाहिला. मुख्यमंत्र्यांसाठी असं कलम नाही. उलट मुख्यमंत्र्यांचा राजीनामा म्हणजे अख्ख्या मंत्रिमंडळाचा राजीनामा, त्यात उपमुख्यमंत्रीही आले! मग बहुमतवाले आमदार नवा नेता निवडतात, पत्र राज्यपालांकडे जातं, ते शपथेला बोलावतात. पदावर असताना मृत्यू आला तरी तेच. नोव्हेंबर 1963 मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार गेले, पी. के. सावंतांनी थोडे दिवस गाडा ओढला आणि डिसेंबरात वसंतराव नाईक आले.

आता आमदारकीचं. जानेवारी 2003 मध्ये विलासराव देशमुख पायउतार झाले. उपमुख्यमंत्री होते छगन भुजबळ. शपथ कुणी घेतली? आपल्या सुशीलकुमार शिंदेंनी! ते तेव्हा सोलापूरचे खासदार, आमदार नव्हेत. कलम 164 मध्येच सहा महिन्यांची सवलत आहे, तेवढ्यात विधानसभेत किंवा विधान परिषदेत निवडून यायचं. ते दक्षिण सोलापुरातून पोटनिवडणुकीत निवडून आले. त्या निवडणुकीत मतदान केलेल्यांच्या मोबाइलवरूनच हा मेसेज पुढे जावा, याचं नवल वाटतं.

‘तो अपवाद होता’ म्हणाल, तर नोव्हेंबर 2010 घ्या. अशोक चव्हाणांनी मुख्यमंत्रिपद सोडलं तेव्हा उपमुख्यमंत्री पुन्हा भुजबळच. मुख्यमंत्री झाले दिल्लीहून आलेले पृथ्वीराज चव्हाण, तेही आमदार नसताना. आणि भुजबळांचं उपमुख्यमंत्रिपद गेलं अजित पवारांकडे.