पुराचं गाव आणि नदीतला खेळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिका नदीवर केलेल्या राफ्टिंगबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीचे, २०१९ च्या महापुराचं पाणी घरात घेतलेले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 'ताई, इथं पंचगंगा मरायला टाकलीय आणि तुम्ही पैसेवाल्या पोरांना दुसरीकडच्या नदीत उड्या मारायला सांगताय. नदी ही खेळायची गोष्ट नाही. पाणी उंबऱ्यात आलेलं ज्यानं बघितलंय, त्याला विचारा.' दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. 'पावसात पाणी चढलं की मजा दुप्पट' असं एक वाक्य त्या लेखात होतं. ते मी काढून टाकलंय. जुलै लागला की आपल्याकडे सकाळी चहाच्या आधी प्रश्न येतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. हे बघितलेल्या बाईनं ते वाक्य लिहायला नको होतं. तुमचा राग रास्त आहे.

कुंडलिकेबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची राहिली होती. उन्हाळ्यातही तिथं जे उसळतं पाणी मिळतं, ते मुळशी धरणाचं. ते भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करतं आणि मग कुंडलिकेला येऊन मिळतं. म्हणजे पाणी कधी सुटणार हे आधी ठाऊक असतं, म्हणून तर सकाळच्या ठरल्या वेळेला तराफे उतरवता येतात. आपल्याकडे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात आणि खाली सगळ्यांची धावपळ सुरू होते. या दोन पाण्यांची बरोबरी मी केली, तिथं चुकले.

पण 'नदी ही खेळायची गोष्ट नाही' हे मला पटत नाही.

मला पोहायला आजोबांनी शिकवलं, पंचगंगा घाटावर. पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्यांच्या लहानपणी वाळका भोपळा बांधत. सुट्टीत पहाटे घाटावर पोरांची जत्रा असायची. अंग पाण्यावर टाकायला शिकल्यावर आजोबांनी पहिली ताकीद दिली ती बंधाऱ्याची. भिंतीवरनं पडणारं पाणी पायथ्याशी माघारी फिरतं, तिथं सापडलेला माणूस तिथंच घुसळत राहतो, म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कधी उतरायचं नाही. आपल्या जिल्ह्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे इतके आहेत, पण ही गोष्ट आज किती पोरांना माहीत आहे? तलावात पोहणारी पोरं भरपूर आहेत. वाहत्या पाण्याचं शिक्षण वेगळं असतं.

कोलाडच्या वाटाड्यानं तेच धडे पुन्हा दिले. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे धरा, प्रवाहात उभं राहायला जाऊ नका, पाऊल दगडात अडकलं की पाणी अंगावरून जातं. काठाकडे सरळ झेपावू नका, तिरके जा. पिशवीत भरलेला दोर बुडणाऱ्याकडे कसा फेकायचा, हे त्यानं आमच्याकडून चार वेळा करून घेतलं. माझ्या जॅकेटचा एक पट्टा तुटका होता. मी बदलून मागितलं तर कंपनीच्या माणसानं आधी दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा आवाज चढवल्यावर दुसरं दिलं. हेही लेखात यायला हवं होतं, पट्टा ओढून बघितल्याशिवाय तराफ्यात पाय ठेवू नये.

आता हे सगळं आंबेवाडी-चिखलीच्या नजरेनं बघा. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली. नावेत प्रमाणाबाहेर माणसं होती. ती बातमी ऐकली त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळतेय : नावेत किती जण घ्यायचे, वजन कसं वाटायचं, जॅकेट नसेल तर कुणाला आधी न्यायचं, हे पुराच्या दिवशी शिकता येत नाही. हात बसलेला लागतो. आणि काही वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुरावर कुणाचा हात बसणार? तो डिसेंबर ते मे या महिन्यांत, शांत पाण्यात, हौसेनं नाव मारल्यानंच बसेल. म्हणून मला हा खेळ हवा आहे. कोलाडचं तिकीट सगळ्यांना परवडत नाही, हे तुमचं खरं. आपल्या गावातच नाव असली तर तिकीट कशाला लागेल?

इथं तुमचं दुखणं येतं आणि तिथं मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकत्र होऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि थोडं पुढं आल्यावर शहराचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी तिच्यात मिसळतं. खाली इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली, माणसं गेली. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. घाटावर माझ्या भाचीला डबा बांधून उतरवायची माझी स्वतःची हिंमत होत नाही. आजोबांच्या पिढीत पाण्याला वास आला तर त्याच दुपारी गल्लीत बोभाटा व्हायचा, कारण त्याच पाण्यात सकाळी शंभर घरची पोरं उतरलेली असायची. आता घाटावर बहुतेक जण दिवे लावायला आणि पाणी बघायला येतात, वास आला तर नाकाला रुमाल लावून परत जातात.

दादा, तुम्हाला एक विचारायचं आहे. २०१९ ला मदत पोचायच्या आधी तुमच्या गावात नाव कुणी चालवली? गुळाच्या काहिलीतून (मोठ्या कढईतून), ट्यूबवरून माणसं कुणी काढली? ती माणसं बोलायला तयार असतील तर मी येते. बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले की पाणी थांबेल, तेव्हा आले तर त्यांच्याकडून नाव मारायलाही शिकेन. पुढचा लेख त्यांचा असेल, आणि तो छापायच्या आधी तुम्ही वाचायचा.