16 चा एमसीबी काढून 32 चा टाकू नका

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘किचनमधली सगळी उपकरणं एकाच लाइनवर बिनधास्त चालतात. एमसीबी सारखा पडत असेल तर 16 चा काढून 32 चा टाका. एमसीबी असला की शॉकचीही भीती नाही.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि मधलं तर घर पेटवणारं आहे. (एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडून लाइन बंद करणारा बोर्डावरचा स्विच; 16 आणि 32 हे त्याचे अँपिअर.)

आधी हिशेब. मुंबईत घरात 230 व्होल्ट येतात. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते, 1500 वॉटची केटल साडेसहा, 1300 वॉटचा मायक्रोवेव्ह साडेपाचच्या वर. सकाळी डब्यांच्या घाईत तिन्ही एकदम लागली की झाले 21. मिक्सर आणि फ्रिज अजून धरलेच नाहीत. तरी ‘चालतं’ असं वाटतं, कारण एवढ्या जादा लोडला 16 चा एमसीबी लगेच पडत नाही. आतली धातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. चहा होतो, कुकरच्या दोन शिट्ट्या होतात, मग सगळं बंद.

आता तो 32 चा. एमसीबी मुळात भिंतीतल्या वायरसाठी असतो. प्लगच्या लाइनला बहुधा अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर असते, जुन्या घरांत दीडचीही. पाइपात गाडलेल्या अशा वायरला 32 अँपिअर झेपत नाहीत. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ती थांबवणारं कुणी उरत नाही. लालबागला शेजारच्या काकूंच्या ओट्यावरचा बोर्ड माझ्यासमोर उघडला होता. पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडं, आणि मागच्या वायरचं प्लास्टिक बोटांनी पापडासारखं मोडत होतं. दोन महिने वास येत होता, त्यांना वाटायचं फोडणी करपली. एमसीबी एकदाही पडला नव्हता. तो आधीच कुणीतरी वाढवून दिलेला.

शॉकचं म्हणाल, तर माणसाचा जीव जायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहावा भागही पुरतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणाऱ्या स्विचचं, जोडीला नीट अर्थिंग हवं.

इंडक्शन आणि मायक्रोवेव्हला मेन बोर्डापासून चार स्क्वेअरची वेगवेगळी लाइन ओढून घ्या, लायसन्स असलेल्या वायरमनकडून. तोवर केटल लावली की शेगडी थांबवा. आणि कुणी 32 चा बसवून घेतलाच असेल, तर आजच वायरमनला बोलवून 16 चा परत लावा.