‘दोन लाखांत पोर्शे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या स्पोर्ट्स कारच्या खर्चावरचा माझा लेख म्हणजे ‘उगाच घाबरवणं’ आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा हिशेब असा : 2008ची पोर्शे बॉक्सस्टर 18 लाखांना घ्यायची, दोन वर्षं हौस भागवायची आणि 16ला विकायची. गेले फक्त दोन लाख. याच पैशांत नवी एसयूव्ही घेतली, तर घसाराच त्याच्या दुप्पट.

घसाऱ्याचा उतार सुरुवातीलाच खडा असतो, हे खरंच. विम्याच्या आयडीव्हीचा (विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिचा) तक्ता बघा : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, पाचव्या वर्षाला 50. त्यापुढे तक्ताच नाही, मालक आणि कंपनीनं मिळून आकडा ठरवायचा. तुमच्या मनातली गाडी हा उतार कधीच उतरून गेलीय. इथवर आपलं जमतं.

पण किंमत गाडीची उतरते, सुट्या भागांची नाही. क्लच, रेडिएटर, टायर यांना काय माहीत गाडी तुम्हाला कितीला पडली? ते पोर्शेच्याच भावात येतात, वर आयात शुल्क. आणि विम्याचा दावा केलात की तोच घसारा तुमच्यावर उलटतो. 10 वर्षांवरच्या गाडीचा धातूचा भाग बदलला तर निम्मे पैसे कापतात, प्लॅस्टिक, रबर, एअरबॅगला तर गाडी कितीही नवी असो, 50 टक्के. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. पुढचा बंपर गेला की अर्धं बिल तुमच्या खिशातून.

आता 2008 या वर्षाबद्दलच. 1997 ते 2008च्या बॉक्सस्टरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनातल्या चेन फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग आहे, पोर्शेवाले त्याला ‘आयएमएस’ म्हणतात. ते फुटलं तर बहुतेक वेळा इंजिनच जातं. 2008च्या इंजिनातलं बेअरिंग मोठं, आधीच्यापेक्षा दणकट, त्यामुळे जायचं प्रमाण कमी. पण बदलायचं म्हटलं तर इंजिनाचे दोन भाग केल्याशिवाय ते निघत नाही. म्हणून सौद्याआधी ऑइल फिल्टर काढायला लावा. कागदाच्या घड्या एकेक उलगडून टॉर्चच्या उजेडात बघा. चमकणारी धातूची कणी दिसली, तर चहा पिऊन घरी या. प्लॅस्टिकचे तुकडे निघाले तर इंजिनातल्या चेनला टेकणाऱ्या पट्ट्या झिजताहेत, तेही काम स्वस्त नाही.

आपल्याकडचा पाऊस वेगळाच. बॉक्सस्टरचा टप उघडणारा, कापडी. त्याचं पाणी जायला मागच्या बाजूला बारीक भोकं आहेत. झाडाखाली उभ्या गाडीत ती पाल्यानं तुंबतात, पाणी आत उतरतं, आणि सीटखाली इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट बसलेलं असतं! पुढे सांगायला नको.

राहिले विक्रीचे 16 लाख. ते मिळतील, हे तुम्ही गृहीतच धरलंय. 2008च्या गाडीची 15 वर्षांची नोंदणी संपलेली आहे, नूतनीकरण फिटनेस करून पाच-पाच वर्षांचं, वर पर्यावरण कर. तुमच्याकडून घेणारा आधी आरसीवरची तारीख बघणार आणि उरलेल्या वर्षांवर भाव पाडणार. खरी किंमत संकेतस्थळावर मालक मागतो ती नव्हे, महिनोन्‌महिने फोन घेतल्यावर जी हातात पडते ती.

पोर्शेच्याच दुसऱ्या मॉडेलबद्दल ‘911चे भाव वाढतातच ना’ हेही लिहिलंयत. वाढले ते प्रामुख्याने 1998पर्यंतच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांचे, आणि तेही अमेरिका-युरोपात. तीन वर्षांहून जुनी गाडी (पन्नाशी उलटलेली व्हिंटेज सोडून) आपल्याकडे आयातच करता येत नाही, मग त्या बाजाराचा दाखला इथल्या बॉक्सस्टरला कशाला?

आणि घेऊ नका, असं मी कुठंच म्हटलेलं नाही. बॉक्सस्टरसारखी मधोमध इंजिन असलेली गाडी घाटात कशी वळते, ते एसयूव्हीवाल्याला कळायचं नाही. घ्यायचीच तर 2009च्या मॉडेलपासून पुढची बघा, त्या इंजिनात ही शाफ्टच नाही. आणि 18 लाख असतील तर गाडी 14 लाखांची घ्या, बाकीचे चार लाख बँकेत राहू देत.