लिंबू-सोड्याचं ‘घरगुती प्राइमर’ आणि आमच्या पोरीचा गाल

आत्यानं फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा मी हसून सोडून दिला, तिथंच चुकलं. तुम्हालाही आलाच असेल. मेकअपच्या आधी लावतात ते प्राइमर म्हणजे भिंतीला मारायचंच केमिकल, त्यानं त्वचेचा श्वास कोंडतो, युरोपात त्याच्यावर बंदी आहे, त्यापेक्षा एका लिंबाचा रस न् चिमूटभर खायचा सोडा चेहऱ्याला लावून वीस मिनिटं उन्हात वाळू द्या, पोअर्स म्हणजे त्वचेवरची बारीक छिद्रं कायमची बंद, मेकअप दिवसभर हलणार नाही. खाली हात जोडलेले चार इमोजी.

आत्याच्या पोरीचं लग्न मे महिन्यात. परभणीचं मे मधलं ऊन काय असतं ते सांगायला नको. लग्नाला दहा दिवस राहिले असताना ही नवरी तोंडाला लिंबू फासून गच्चीवर कुरडया वाळत घालत बसली. माझं पार्लर दोन गल्ल्या सोडून आहे, पण मला कोण विचारतंय!

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आग आग, मग बारीक फोड, आणि फोड बसल्यावर गालापासून हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ, रस जसा खाली आला होता अगदी तसाच. तिच्या भाचीच्या दंडावर तर चार बोटं उठली होती, हिनं लिंबाच्या हातानं तिला धरलं होतं म्हणून. डॉक्टरनं बघितल्या बघितल्या ओळखलं. लिंबात, जास्त करून सालीत, फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी भाजते. ह्याला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात, आणि परदेशात उन्हात लिंबं पिळणाऱ्या बारवाल्यांना हे इतकं होतं की मार्गारिटा ह्या लिंबाच्या कॉकटेलवरून त्याचं नावच मार्गारिटा बर्न पडलंय. तिकडचं ते लाईम म्हणजे आपल्या कागदी लिंबाचंच भावंड. डाग जायला आठवडे लागतात, कधी महिने. आणि मेसेजवाला म्हणतो उन्हात वाळू द्या!

सोडा टाकल्यावर फेस येतो म्हणजे ‘मिश्रण अॅक्टिव्ह झालं’ म्हणे. अहो तो कार्बन डायऑक्साइड आहे, भज्याच्या पिठात येतो तोच.

आता पोअर्स. त्यांना दारासारखं उघडता-मिटता येत नाही, तिथं स्नायूच नसतात. आणि गंमत बघा, एकाच मेसेजात त्वचेचा श्वास कोंडतो म्हणून रडायचं आणि खाली पोअर्स कायमचे बंद करायचा उपाय द्यायचा, काहीतरी एक ठरवा की बाबा. त्वचेचा अगदी वरचा पातळ थर हवेतला ऑक्सिजन घेतो हे खरंय, पण बहुतेक प्राइमरात असतं ते सिलिकॉन, आणि सिलिकॉनमधून ऑक्सिजन जातो म्हणूनच त्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स बनवतात, डोळ्यात घालायच्या.

भिंतीच्या प्राइमरचं उत्तर मी देणार नाही.

युरोपचं मात्र अर्धं खरंय, मान्य करते. डी४, डी५ नावाच्या सिलिकॉनवर तिथं मर्यादा आहे, धुऊन टाकायच्या वस्तूंत २०२० पासून ०.१ टक्का, आणि २०२४ च्या नियमानं चेहऱ्यावर राहणाऱ्या वस्तूंनाही ती २०२७ पासून लागू होतेय. पण मुख्य कारण हे की ते पाण्यात-मातीत जाऊन लवकर मोडत नाहीत. प्राइमरवर बंदी कुठंच नाही, आणि डायमेथिकोन हे त्यातलं नेहमीचं सिलिकॉन वेगळं. तुम्हाला डी५ नको असेल तर डब्यामागं सायक्लोपेंटासिलॉक्सेन लिहिलंय का बघा, झालं.

प्राइमर लागतंच असंही नाही, मी स्वतः मॉइश्चरायझर न् सनस्क्रीनवर भागवते. लावायचंच तर हरभऱ्याएवढं, नाक-कपाळापुरतं, आणि दोन मिनिटं थांबून मग फाउंडेशन, नाहीतर गोळे निघतात.

लग्नाच्या दिवशी तिच्या उजव्या गालावर कन्सीलरचे दोन थर दिले, तरी ओघळ दिसतच होता, शेवटी फोटोग्राफरला म्हटलं, दादा, डावीकडूनच घ्या सगळे.