‘मनात काही नव्हते हो त्याच्या’

यंदा सुटीवर गोव्यात डिचोलीला गेलो तेव्हा चुलतभावाच्या घरी एकच विषय चालला होता. त्याच्या कचेरीतल्या एका वरिष्ठाने व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्याने रुजू झालेल्या मुलीच्या पेहरावावर शेरा मारला आणि प्रकरण अंतर्गत समितीपुढे गेले. (अशा तक्रारीची वाच्यता करू नये असे कायदा सांगतो, ती डिचोलीच्या ओसरीपर्यंत पोचली, हा आणखी वेगळा विषय.) ‘आता फकाण (म्हणजे थट्टा) मारायचीही चोरी,’ असा एकंदर सूर होता, आणि ‘ही सगळी तुमच्याकडची थेरे’ म्हणून माझ्याकडेही बोट दाखवून झाले.

‘माझ्याकडे’ म्हणजे इंग्लंडमधल्या स्विंडनला, जिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे आणि जिथे अशाच एका फकाणीने माझी फजिती झाली होती. हाताखालचा एक पोलिश सहकारी उशिरा आला, तेव्हा मी गटावर लिहिले की, ‘तू आता पुरता गोंयकार झालास.’ माझ्या लेखी ती आपल्याच सुशेगादपणाची, निवांत वृत्तीची, थट्टा होती. तो माझ्या टेबलाशी आला, इस्पितळातल्या पार्किंगची पावती समोर ठेवली आणि माझेच वाक्य सपाट आवाजात मला वाचून दाखवले. त्या आवाजात त्यात हसण्याजोगे काहीही उरले नव्हते.

तिथला २०१० चा समानता कायदा बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरी त्याला तेवढ्यावर सोडत नाही. ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला आणि तसा तो होणे वाजवी होते का, हेही पाहतो. पण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३ चा कायदा तरी वेगळे काय म्हणतो? त्याची सारी भिस्त ‘नकोसे’ या शब्दावर आहे, आणि नकोसे कुणाला, हे शेरा मारणाऱ्याने ठरवायचे नसते. तेव्हा हे खूळ विलायतेतून आले, हे म्हणणे मला पटत नाही.

गोव्याला विनोदाचे वावडे नाही. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, कांतारांत (गाण्यांत) मंत्र्यांची रेवडी उडते आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात; तिथे थट्टा खालून वर जाते. कचेरीत ती बहुधा वरून खाली येते, आणि ज्याच्या हाती आपली बढती वा रजा आहे, त्याच्या विनोदाला हसणे हाही कामाचाच भाग होऊन बसतो.

‘पण ती स्वतः हसली होती,’ असे म्हणत भावाने मोबाईल पुढे केला. शेऱ्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती आणि त्यांत एक तिचाही होता. साहेबांचा चेहरा पहिला, तिचा सर्वांत शेवटी.